मैलांची वही

वैशाख सरत आला, की कोकणातील माणसाची नजर वारंवार पश्चिमेच्या आभाळाकडे वळू लागते. रत्नागिरीच्या परिसरात या दिवसांत ज्याला त्याला आगोटीची घाई असते. कोणी घराची कौले चाळून घेत असतो, कोणी पडवीला झड लागू नये म्हणून झापे बांधीत असतो, तर कोणी वर्षाचे जळण कोरड्या जागी रचून ठेवीत असतो. मिरकरवाड्याच्या बंदरातही हीच धांदल. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद व्हायची असते. मग होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्या तळाला चिकटलेली कालवे खरवडली जातात, लाकडी होड्यांच्या सांधींत कापूस ठासला जातो आणि फळ्यांना तेल पाजले जाते. पाऊस येण्यापूर्वी आपल्या वस्तूंची विचारपूस करावी, हा या किनाऱ्याचा जुना परिपाठ आहे. ज्याने तो पाळला नाही, त्याला आषाढात त्याचे उत्तर मिळते.

मांडवीच्या वाटेवरील एका कौलारू घरात या दिवसांत आणखी एक विचारपूस चाललेली असते. ती घराचीही नव्हे आणि होडीचीही नव्हे; ती असते एका मोटारीची. घराचे मालक बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, वयाची सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. सारी आळी त्यांना ‘भाऊ’ म्हणून ओळखते. सकाळचा चहा झाला, की भाऊ जुने धोतर फाडून केलेली फडकी घेऊन पडवीलगतच्या खोलीत जातात आणि मोटारीवरचे कापड उचलतात. त्यांच्या मागोमाग त्यांची नात जाते. ती सातवीत आहे. सुटीतील तिचे काम ठरलेले असते. एक छोटी हातोडी घेऊन तिने चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर हलकेच टकटक करायची. ताणलेला आरा खणखणीत बोलतो आणि सैल झालेला बद्द वाजतो. बद्द वाजणाऱ्या आऱ्याला ती खडूची खूण करते.

ही मोटार इतर मोटारींसारखी नाही. तिला लोखंडी छप्पर नाही, केवळ घडी घालता येणारी मेणकापडाची टोपी आहे. तिच्या दारांना काचा नाहीत. समोरची काचदेखील पुढे आडवी पाडता येते. बैठक दोघांपुरतीच. नाक लांबट, चाके उंच आणि तारेच्या आऱ्यांची, पाठीमागे उभी पेट्रोलची टाकी आणि तिच्या पाठीवर बांधलेले जादा चाक. इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी ‘एम. जी.’ नावाचा कारखाना होता. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या दुकानाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले होते. त्या कारखान्याने १९४५ ते १९४९ या काळात ‘टी. सी.’ जातीच्या सुमारे दहा हजार मोटारी बनविल्या. ही त्यांपैकीच एक असून तिचा जन्म १९४८ सालचा आहे. तिचे इंजिन १२५० घनसेंटिमीटरांचे आणि सुमारे ५४ अश्वशक्तीचे. आज रस्त्यावर धावणाऱ्या साध्या कौटुंबिक मोटारीतही याहून अधिक बळ असते. पण त्या काळी ताशी ७५ मैल धावणारी ही हलकी गाडी शर्यतीची गाडी म्हणून नावाजलेली होती. तिच्या अंगाचे एक वैशिष्ट्य रत्नागिरीकरांना मोठे जवळचे वाटते. वरून ती पोलादी दिसते खरी. परंतु त्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा आहे. होडीला जसा आतून फासळ्यांचा आधार, तसा या मोटारीला ॲश नावाच्या विलायती लाकडाचा.

अशी डौलदार गाडी मांडवीच्या वाटेवर आली कशी, याची हकीकत साधीच आहे. भाऊंचे वडील डॉक्टर होते. खेडोपाडी जाऊन रोग्यांना पाहण्यासाठी त्यांना मोटार हवी होती. शर्यत नको होती. १९५६ साली मुंबईतील एका गृहस्थांची ही वापरलेली गाडी त्यांना स्वस्तात मिळाली आणि खिशाला झेपेल अशी दुसरी कोणतीच मिळेना, म्हणून ती त्यांनी घेतली. पहिल्या दिवशी ती पाहायला सारी आळी लोटली. कोणी विचारले, “डॉक्टर, यात रोग्याला बसविणार कुठे?” डॉक्टरांनी शेजारच्या बैठकीवरची औषधांची पेटी उचलून आपल्या पायांशी ठेवली आणि म्हणाले, “इथे.”

त्यानंतरची अठ्ठावीस वर्षे त्या शर्यतीच्या गाडीने वैद्याच्या घोड्याचे काम केले. पावस, पूर्णगड, मालगुंड, पाली, लांजा या गावांच्या वाटा तिने अक्षरशः पाठ केल्या. तेव्हाचे रस्ते बहुतेक जांभ्याच्या मातीचे. उन्हाळ्यात तांबडी धूळ उडे आणि पावसाळ्यात त्याच धुळीचा गुडघाभर राडा होई. जिथे खाडीवर पूल नव्हता तिथे डॉक्टर गाडी अलीकडे उभी करीत, पेटी डोक्यावर घेतलेल्या गड्याबरोबर तरीतून पलीकडे जात आणि परत आल्यावर आधी गाडीचे पाणी पाहत. रात्री-अपरात्री त्या इंजिनाचा आवाज दुरून कानी पडला, की रोग्याच्या घरची माणसे कंदील घेऊन बांधावर येत.

डॉक्टरांना एक सवय होती. गाडीच्या कप्प्यात ते एक वही ठेवीत. प्रत्येक फेरीनंतर तीत एक ओळ लिहीत: मैलांचा आकडा, गाव, रोग्याची प्रकृती आणि त्यापुढे गाडीची प्रकृती. १९६४ सालच्या जुलैमधील एक ओळ अशी आहे: ‘६१,२०४. पावस. आई व मूल सुखरूप. उजवा दिवा बंद.’ एवढ्याच शब्दांत एका रात्रीचा सारा प्रवास सामावला आहे. ती रात्र भाऊंच्या आईने मुलांना अनेकदा सांगितली होती. अडलेल्या बाईला रत्नागिरीच्या रुग्णालयात आणायचे होते आणि गाडीत जागा दोनच. बाईला शेजारी बसवून डॉक्टरांनी चाक हाती घेतले. तिचा नवरा बाहेरच्या पायफळीवर उभा राहिला आणि एका हाताने दार घट्ट धरून त्याने दुसऱ्या हाताने सारी वाट विजेरीचा उजेड पुढे धरला. एक दिवा बंद असताना भर पावसात ती गाडी चालली, ती त्या उजेडावर.

मैल दाखविणाऱ्या यंत्रात आकड्यांना पाचच घरे आहेत. ९९,९९९ झाले, की ते पुन्हा शून्यावर येते. १९७१ साली ते पहिल्यांदा शून्यावर आले, तेव्हा डॉक्टरांनी वहीत आकड्याच्या डावीकडे एक लहानसा ‘१’ लिहिला आणि पुढे चालू केले. यंत्र विसरले, वही विसरली नाही.

१९८४ साली डॉक्टर वारले. भाऊ तेव्हा नोकरीत होते आणि बदलीमुळे घाटावर राहत होते. वर्षातून दोनदा ते घरी येत, मोटारीवरचे कापड बाहेरूनच झटकीत आणि ‘पुढच्या खेपेस पाहू’ असे म्हणून परत जात. अशा चार-पाच खेपा गेल्या. उभी असलेली मोटार झिजत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. भाऊंचाही होता. १९८७ साली त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि त्यांनी ते कापड पुरते दूर केले. दाराच्या मुठीला हात लावताच दार बिजागरीसकट त्यांच्या हाती आले. आतला लाकडी सांगाडा वाळवीने पोखरला होता. टाकीत गंजाचा चिखल साठला होता, ब्रेक जागच्या जागी जखडले होते, तारांवरील वेष्टन उंदरांनी कुरतडले होते. अठ्ठावीस वर्षांच्या खडतर वाटांनी जे केले नव्हते, ते तीन वर्षांच्या विश्रांतीने केले होते. ते निखळलेले दार हातात धरून भाऊ बराच वेळ उभे राहिले. वडिलांच्या आजारात आपण वेळेवर पोहोचलो नव्हतो, ही खंत त्यांच्या मनात होतीच. तीत त्या दिवशी आणखी एक भर पडली.

मात्र ही दुसरी चूक दुरुस्त होण्याजोगी होती. भाऊ प्रथम मिरकरवाड्यात गेले. तेथे होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. त्यांनी येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “भाऊ, इंजिन माझ्याकडे सोपवा. पण हे लाकूड माझं काम नाही. याला होडीचा सुतार पाहिजे.” मग होड्या बांधणारा सुतार आला. विलायती ॲश येथे कोठून मिळणार? त्याने जुन्या, मुरलेल्या सागाचे तुकडे निवडले, कुजलेला प्रत्येक भाग मोजून तस्साच घडविला आणि जुन्या लाकडाला सांधला. होडीच्या फासळीला बाक देणारा त्याचा हात मोटारीच्या दारालाही तितकाच सरावला. काही भाग इंग्लंडमधून मागवावे लागले. या जुन्या जातीच्या मोटारींचे भाग तेथे आजही नव्याने बनविले जातात. जे परवडले नाहीत, ते आंबा घाट ओलांडून कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कातून आणले. या कामाला दोन वर्षे लागली. १९८९ साली गाडी पुन्हा अंगणाबाहेर पडली तेव्हा भाऊंनी वही उघडली आणि वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली आपली पहिली ओळ लिहिली.

तेव्हापासून मोटार कशी राखावी, याचे एक पंचांगच त्या घरात तयार झाले आहे. रत्नागिरीत मोटारीचे दोन शत्रू: खारा वारा आणि पाऊस. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांची गाठ पडली, की गंज धरतो. पाण्यात मीठ असले, तर ही क्रिया कितीतरी वेगाने होते. म्हणून समुद्रकाठच्या रस्त्याने गाडी फिरून आली, की त्याच संध्याकाळी तिला गोड्या पाण्याने धुवायचे आणि सांधीकोपऱ्यांतून कोरडी करायची, हा पहिला नियम. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. त्या चार महिन्यांत मोटार खोलीत असते. पण तिला निजू दिले जात नाही. दर आठवड्याला इंजिन चालू करून चांगले तापवायचे, गाडी हातभर पुढे-मागे करायची आणि उघडीप मिळताच हातखंब्यापर्यंत एक फेरी मारून आणायची, हा दुसरा नियम. दर २,००० मैलांनी इंजिनाचे तेल बदलायचे, मग ते काळे दिसो वा न दिसो, हा तिसरा. जांभ्याची बारीक धूळ हवेबरोबर इंजिनात गेली, तर कानशीसारखी आतून घासत राहते. म्हणून हवा गाळणारी जाळी दर महिन्याला धुवायची, हा चौथा. सांध्यासांध्यांतून ठेवलेल्या तोंडांतून पिचकारीने ग्रीस भरायचे, हे काम मात्र भाऊ कोणालाही देत नाहीत. खाली वाकून ते करताना त्यांचे गुडघे कुरकुरतात. ते म्हणतात, “गाडीच्या सांध्यांना ग्रीस आहे, आमच्या सांध्यांना कोण देणार?”

इंजिनातून अनोळखी आवाज आला, की भाऊ भिंतीवरच्या खुंटीवरून वडिलांची जुनी कानाला लावायची नळी काढतात. जिने डॉक्टरांनी हजारो छात्या तपासल्या, तीच नळी आता लोखंडाच्या छातीवर टेकते. आवाज कोठून येतो, हे त्यातून नेमके कळते. गाडी चालू करण्यापूर्वी पेट्रोल ओढणारा लहानसा विजेचा पंप टकटक करतो. त्या टकटकीच्या गतीवरून पेट्रोल नीट येते आहे की वाटेत अडले आहे, हे भाऊ नाडी पाहावी तसे ओळखतात.

जुन्या वस्तूला केवळ निसर्गाशीच नव्हे, तर बदलत्या काळाशीही जुळवून घ्यावे लागते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. ते माणसाच्या आरोग्यास घातक असल्याने २००० साली आपल्या देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. ते योग्यच झाले. परंतु इंजिनातील झडपांच्या जुन्या बैठकांना त्या शिशाचा लेप मिळत असे, तो बंद झाला. भाऊंनी कोल्हापुरास जाऊन त्या बैठकांत कठीण पोलादाची कडी बसवून घेतली. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले आणि २०२५ साली ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि जुन्या जातीच्या रबराला सोसत नाही. तेव्हा साऱ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलावा लागला. ज्या मोटारीला काळ ओळखीत नाही, तिच्या मालकाने काळाला ओळखून राहावे लागते.

इतके भाग बदलल्यावर ही डॉक्टरांची मोटार उरली तरी कोठे, असा प्रश्न नातीने एकदा विचारला. सांगाड्याचे लाकूड निम्मे रत्नागिरीचे, झडपांची कडी कोल्हापूरची, नळ्या नव्या, रंग नवा. भाऊंनी तिला अंगणात नेले आणि घराच्या छपराकडे बोट दाखविले. दर वर्षी काही कौले फुटतात आणि दर वर्षी नवी चढतात. पणजोबांच्या वेळचे एखादे तरी कौल त्या छपरावर असेल की नाही, कोण सांगणार? तरी घर पणजोबांचेच. प्रत्येक पावसाळ्याआधी कोणीतरी शिडी लावून वर चढले आहे, आणि त्यात एका वर्षाचाही खंड पडलेला नाही. ज्या घरात असा खंड पडला, त्याच्या चौथऱ्यावर आज रान माजले आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र या घरात मोटारीवरून एक पेच उभा राहिला. पंधरा वर्षांहून जुन्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी परिवहन कार्यालयात तिची तपासणी होते. ती मुदत जवळ आली होती. त्याच सुमारास मुंबईच्या एका हौशी संग्राहकाचे पत्र आले. त्याने मोठी रक्कम देऊ केली होती. गाडी काचेच्या दालनात राहील, तेथील हवा कोरडी असेल, तिला पुन्हा कधी पावसाचा थेंब लागणार नाही, असे त्याने लिहिले होते. पुण्याला राहणारा भाऊंचा मुलगा म्हणाला, “बाबा, देऊन टाका. तुमचे गुडघे आता साथ देत नाहीत. दर वर्षी हिच्यावर किती खर्च होतो! शिवाय जुने इंजिन धूर सोडते, हेही खरे आहे.” त्याच्या बोलण्यात स्वार्थ नव्हता. वडिलांना गाडीखाली आडवे झालेले पाहून त्याचा जीव खालीवर होई.

दुसरा एक मार्ग मिस्त्रींच्या मुलाने सुचविला. आता वडिलांच्या जागी तोच काम पाहतो. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. ती नोंदणी दहा वर्षे चालते आणि दर पाच वर्षांची दगदग वाचते. मात्र अशी मोटार नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढायची. नियम वाजवी आहे, कारण दुर्मीळ वस्तू जपण्यासाठीच तो केलेला आहे. भाऊंनी तो दोनदा वाचला. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांसमोर १९८७ सालचे ते निखळलेले दार आले.

त्या रात्री त्यांनी वही काढली. वहीच्या पानांत वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण होते. इर्व्ह गॉर्डन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर शाळेत विज्ञान शिकवीत. १९६६ साली त्यांनी व्होल्वो कंपनीची ‘पी १८०० एस’ ही दोन दारांची तांबडी स्पोर्ट्स कार विकत घेतली. शाळेत जाण्यायेण्यासाठीच त्यांना रोज शंभराहून अधिक मैल जावे लागे. १९८७ साली त्यांचे दहा लाख मैल पूर्ण झाले. १९९८ साली एकाच मालकाने सर्वाधिक अंतर चालविलेली मोटार म्हणून तिची गिनीज विक्रमांत नोंद झाली. २०१३ साली अलास्कामध्ये तिने तीस लाख मैल पूर्ण केले. २०१८ साली गॉर्डन निवर्तले, तोवर ती गाडी ते चालवीतच होते. त्यांच्या पद्धतीत कोणतीही जादू नव्हती. तेल वेळेवर बदलणे, कारखान्याने दिलेले पुस्तक वाचणे आणि त्यात सांगितलेले करणे, एवढेच त्यांचे व्रत होते. त्यांनी गाडी काचेत ठेवली नाही. रोज वापरली, आणि वापरायची होती म्हणूनच रोज तपासली.

सकाळी भाऊ पडवीत आले तेव्हा नात वही मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिचे विज्ञानाचे पुस्तक उघडे होते आणि एका कागदावर गणिते मांडलेली होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “मीटरवर ३७,५१२ आहेत. तो दोनदा शून्यावर आला आहे. एकदा पणजोबांच्या हातून, एकदा २००५ साली तुमच्या हातून. म्हणजे एकूण २,३७,५१२ मैल झाले ना?”

“झाले.”

“पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. त्याचे मैल केले, तर २,३८,८५५ होतात. आजोबा, आपली गाडी चंद्रापासून १,३४३ मैलांवर आहे.” मग थोडे थांबून तिने विचारले, “ती मुंबईला काचेत राहिली, तर पोहोचणार नाही ना?”

भाऊंनी तिला उत्तर दिले नाही. त्यांनी कागदावरची वजाबाकी पुन्हा तपासली. ती बरोबर होती. वर्षाकाठी गाडी अठराशे-दोन हजार मैल चालते. म्हणजे फार तर नऊ-दहा महिन्यांचे अंतर उरले होते. पण त्यांच्या मनात चंद्राचा विचार नव्हता. या अडीच लाखांजवळ आलेल्या मैलांपैकी बहुतेक मैल पावस, मालगुंड, पाली आणि लांजा या गावांचे होते. त्यांतला एकेक मैल कोणाच्या तरी तापासाठी, कोणाच्या तरी बाळंतपणासाठी, किंवा पुढे कधी शेजाऱ्याला स्टेशनवर सोडण्यासाठी चालला होता. ज्या गाडीने चंद्राएवढी वाट चालली, ती कधी जिल्ह्याच्या आसपासच्या मुलखाबाहेर फारशी गेलीच नव्हती.

दुपारी त्यांनी मुंबईच्या गृहस्थांना नम्रपणे नकार कळविला. मुलाला फोन करून सांगितले, “गाडीखाली मी आता शिरणार नाही, हे वचन देतो. ते काम मिस्त्रींचा मुलगा करील. धुराचे म्हणशील, तर इंजिन दर सहा महिन्यांनी तपासून घेईन आणि विनाकारण चालविणार नाही. पण ती चालेल.” मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मग ग्रीसची पिचकारी मी आलो की मला शिकवा.”

मृगापूर्वीच्या एका सकाळी मोटार परिवहन कार्यालयाच्या आवारात उभी राहिली. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवून घेतला, ब्रेक लावून पाहिले, क्रमांक ताडले. जुनी आहे म्हणून त्यांनी सवलत दिली नाही आणि जुनी आहे म्हणून नाकही मुरडले नाही. काम झाल्यावर त्यांनी काच पुढे पाडता येते का, असे कुतूहलाने विचारले, तेव्हा नातीने खिट्टी सैल करून ती पाडून दाखविली. आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली. परतताना भाऊंनी गाडी घराकडे न वळविता हातखंब्यापर्यंत नेली आणि तेथून मागे फिरविली. पश्चिमेला ढग जमू लागले होते. वाटेत डाव्या हाताला गाडी जराशी ओढ घेते आहे, असे दोघांच्याही ध्यानात आले. पण आधी बोलली ती नात.

घरी पोहोचल्यावर भाऊंनी कप्प्यातून वही काढली, पेन उघडले आणि दोन्ही तिच्या हातात दिले. पणजोबांच्या आणि आजोबांच्या ओळींखाली तिने आपल्या वळणदार अक्षरात लिहिले:

‘२,३७,५३१. परिवहन कार्यालय व हातखंबा. सर्व सुखरूप. डावा ब्रेक किंचित ओढतो. चंद्र १,३२४ मैल.’

मग तिने वही कप्प्यात ठेवली आणि कौलांवर पहिले थेंब वाजू लागण्यापूर्वी गाडीवर कापड ओढले.